खोडकिड्यामागे लागलेली माशी

पुण्याच्या टेकड्यांवर रुईच्या झुडपात बिबळ्या कडवा फुलपाखराचे कोष लटकलेले असतात. त्यातला एखादा काळपट पडतो आणि त्यातून पांढरा चिकट धागा खाली लोंबतो. अशा कोषातून फुलपाखरू येत नाही. टॅकिनिड माशीच्या अळ्या तो आतून खाऊन धाग्यावरून मातीत उतरलेल्या असतात.

दिसायला ही माशी घरमाशीसारखीच, फक्त पोटावर राठ केस जास्त. या कुळाच्या 8,000 हून अधिक जाती ज्ञात आहेत. प्रौढ माशी फुलांतला मध खाते. वाढते मात्र दुसऱ्या कीटकाच्या अंगात. काही जाती अळीच्या कातडीवर अंडी चिकटवतात, काही पानांवर बारीक अंडी पेरतात आणि अळी ती पानाबरोबर गिळते. आत शिरलेल्या शत्रूभोवती अळीचं शरीर पेशींचं आवरण उभं करतं, तर माशीचं पिल्लू त्याच आवरणाची नळी करून बाहेरची हवा घेतं! इतकी धीट युक्ती निसर्गातही क्वचितच सापडेल.

पुणे जिल्ह्यातल्या ऊसकऱ्यांना खोडकिडा चांगलाच ठाऊक आहे. कोवळ्या उसाचा पोंगा वाळतो, ओढला की अलगद हातात येतो आणि त्याला घाण वास मारतो. अळी खोडात दडलेली, त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. स्टर्मिऑप्सिस इन्फेरन्स ही भारतीय टॅकिनिड माशी अळीनं पाडलेल्या भोकाच्या तोंडाशी, विष्ठेजवळ जिवंत पिल्लं सोडते. ती सरपटत आत जाऊन अळीला गाठतात. तमिळनाडूत ऊस 45 ते 60 दिवसांचा असताना एकरी 125 गाभण माद्या सोडण्याची शिफारस आहे.

महाराष्ट्रात ट्रायकोग्रामा या परजीवी कीटकाचं ट्रायकोकार्ड गावोगाव पोचलं, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात जैविक कीड नियंत्रणावर वर्षानुवर्षं काम झालं. ही माशी मात्र मागे राहिली. ट्रायकोग्रामा धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर ट्रेमध्ये वाढवता येतो. माशीसाठी जिवंत अळ्या पोसाव्या लागतात. ते कष्टाचं असलं तरी करण्यासारखं आहे.

याच टॅकिनिड कुळातली उझी माशी रेशीम शेतकऱ्यांची वैरीण. 1980 मध्ये ती कर्नाटकात पोचली; तिच्यापायी संगोपनगृहाला जाळी लावावी लागते.

उसात मात्र स्टर्मिऑप्सिस माशी जपायलाच हवी. सरसकट फवारणीत खोडातली अळी वाचते आणि उघड्यावर फिरणारी माशी मरते. म्हणून फवारणीआधी वाळलेले काही पोंगे चिरून पाहावेत. आत तांबूस, कुपीसारखे कोष दिसले, तर माशी आधीच कामाला लागलेली आहे.