वादळी ढगाचा फोटो दुरूनच चांगला येतो

एप्रिल लागला की दुपारी तीनच्या सुमारास पूर्वेला पांढरे ढग उसळू लागतात आणि नव्याने कॅमेरा घेतलेली मंडळी गाडी काढून त्यांच्या दिशेने निघतात. ढगाखाली पोचलं की फोटो मिळालाच, अशी त्यांची समजूत असते. वादळी ढगांच्या छायाचित्रणातला हा सगळ्यात मोठा गैरसमज. जिवावर बेतू शकणाराही हाच, म्हणून आधी त्याचाच हिशोब करू.

गडगडाट करणाऱ्या ढगाला हवामानशास्त्रात क्युम्युलोनिंबस म्हणतात. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत त्याचा माथा 15 किलोमीटरपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. एवढ्या उंच ढगाच्या तळाशी उभं राहिलं की डोक्यावर दिसतं ते फक्त करडं छत. वर लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला माथा (त्यालाच ऐरण म्हणतात), बाजूने फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगत जाणारे नवे उमाळे, ढगाचा एका बाजूला झालेला झुकाव, यातलं काहीच तिथून दिसत नाही. तोच ढग 60 किलोमीटरवरून पाहा. तो क्षितिजापासून साधारण 14 अंश वर येतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 85 मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा आडवा धरला, तर चौकटीत उभ्या दिशेने सुमारे 16 अंश मावतात. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत आख्खा ढग चौकटीत बसतो आणि वर थोडी मोकळी जागाही उरते.

‘आकाशासाठी वाइड लेन्सच हवी’ हे मतही याच हिशोबाने निकालात निघतं. 24 मिलिमीटरच्या लेन्सने इतक्या दूरचा ढग टिपला तर तो चौकटीच्या जेमतेम पाव उंचीत मावतो आणि घरी येऊन पाहिल्यावर वाटतं, डोळ्यांना दिसला तेवढा मोठा का नाही आला? मोबाइलचा मुख्य कॅमेरा याच माळेतला असतो. फोनला दुप्पट-तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल, तर ढगासाठी ती वापरावी. वाइड लेन्सचं खरं काम पडतं ते वादळाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत लांबलचक फळीसारखा ढग सरकत येतो तेव्हा. शेल्फ क्लाउड म्हणतात तो हाच, आणि तो एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत पसरू शकतो.

‘ढग जितका काळा, तितका फोटो जबरदस्त’ असंही सर्रास ऐकू येतं. पण काळेपणा हा काही ढगाचा रंग नव्हे. जाड ढगातले पाण्याचे आणि बर्फाचे कण वरून आलेला प्रकाश विखरून टाकतात, तो तळापर्यंत फारसा पोचत नाही, म्हणून खालून पाहणाऱ्याला ढग काळा दिसतो. त्याच वेळी सूर्याकडच्या बाजूने पाहणाऱ्याला तोच ढग डोळे दिपवणारा पांढरा दिसत असतो. फोटो कसा येणार हे ठरतं तुम्ही, सूर्य आणि ढग कुठे आहात त्यावर. संध्याकाळी सहाच्या पुढे सासवड किंवा साताऱ्याकडून पूर्वेला पाहिलं, तर माण-खटाव किंवा सोलापूरच्या अंगाला उठलेल्या ढगावर तुमच्या पाठीमागून ऊन पडतं. उंची जास्त असल्याने माथा शेवटपर्यंत उजळलेला राहतो. जमिनीवर सावली आलेली, ढगाचा मधला भाग केशरी, वरची ऐरण अजून पिवळसर, असं दृश्य पंधरा-वीस मिनिटं टिकू शकतं. मला स्वतःला काळ्याकुट्ट तळापेक्षा हा उजेड कितीतरी मोलाचा वाटतो.

या उजेडात कॅमेऱ्याच्या ऑटोवर भरवसा ठेवू नये. चौकटीत काळी जमीन जास्त असेल, तर कॅमेरा ती उजळायला जातो आणि ढगाच्या पांढऱ्या कडा पार उडतात. एकदा उडालेला पांढरा भाग नंतर कशानेही परत येत नाही. अंधारलेला भाग मात्र रॉ फाइलमधून बराच उजळता येतो. म्हणून एक्स्पोजर ढगाच्या सगळ्यात उजळ भागासाठी ठेवावं आणि हिस्टोग्रामचा उजवा टोकाचा भाग कापला जात नाही ना, ते पाहावं. फोनवर त्या उजळ भागावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करावं आणि मग थोडं खाली ओढावं. आकाश आणि जमीन यांच्या उजेडात फारच तफावत असेल, तर दोन एक्स्पोजर घेऊन जोडावीत. याला फसवणूक म्हणणारे भेटतात. पण फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे 1850च्या दशकातच समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्यावरून छापत होता, कारण त्या काळच्या प्लेटवर दोन्ही एकदम नीट उमटत नसत.

हंगामाबद्दलही गोंधळ असतो. ढग म्हणजे पावसाळा, म्हणून लोक जुलैत घाटावर जातात आणि धुक्यात उभे राहतात. भर मोसमात सह्याद्रीवर धो धो पाऊस देणारे ढग बहुतेक वेळा बुटके, थरावर थर चढलेले असतात आणि त्यांना आकार असा दिसत नाही. उंच, सुटे, कोरीव ढग मिळतात ते मॉन्सूनच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत, आणि पुन्हा परतीच्या पावसात, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मे महिन्यात हवा धुळीने धुरकट असते, त्यामुळे दूरचा ढग फिकट येतो. ऑक्टोबरात पावसाने हवा धुतलेली असते. नवख्याने ऑक्टोबरातच सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

आता वारा. ‘वारा माझ्याकडून ढगाकडे वाहतोय, म्हणजे ढग लांब चाललाय’ हा अंदाज साफ चुकू शकतो. वाढता ढग भोवतालची उष्ण, दमट हवा जमिनीलगत आपल्याकडे ओढून घेतो. ढगाची चाल मात्र वरच्या थरांतल्या वाऱ्यांवर ठरते. त्यामुळे वारा ढगाकडे धावत असतानाच ढग तुमच्याकडे येत असू शकतो. मग वारा एकदम पडतो, काही क्षणांत उलट्या दिशेने गार झोत येतो, सोबत धुळीचा लोट आणि मातीचा वास. हा ढगातून खाली कोसळून पसरलेल्या गार हवेचा झोत. तो लागला की ट्रायपॉड उचलायला मोजकी मिनिटं उरलेली असतात. हवामान विभागाच्या संकेतस्थळावरची रडारची चित्रं पाहत राहिलं, तर ढगाची चाल आधीच कळते.

विजेचा फोटो नशिबाने मिळतो, असं म्हणणाऱ्यांनी अंधार पडल्यावर एकदा शटर 15-20 सेकंद उघडं ठेवून पाहावं. ट्रायपॉडवर कॅमेरा, आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ/8, आणि एकामागून एक फोटो घेत राहायचं. त्यात कधीतरी वीज सापडतेच. वीज सेकंदाच्या काही अंशातच चमकते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवून ती अधिक उजळ होत नाही. तिचा उजळपणा ठरतो अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर. शटरने फक्त मागचं आकाश आणि गावातले दिवे कमी-जास्त होतात. वीज फारच दूर असेल तर एफ/5.6वर यावं. फोकस मात्र लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर डोळे झाकून ठेवू नये. बऱ्याच लेन्स त्या खुणेच्याही पुढे फिरतात आणि सगळे फोटो किंचित धूसर येतात. दूरचा एखादा दिवा पडद्यावर मोठा करून हाताने फोकस करावा आणि मग रिंगला हात लावू नये.

‘पाऊस इथे नाही, म्हणजे वीज इथे पडणार नाही’ या समजुतीने दरवर्षी माणसं जातात. भारतात विजेने दरवर्षी दोन हजारांहून जास्त बळी जातात. पाऊस पडतोय तिथून 10-15 किलोमीटरवरही वीज कोसळू शकते. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आलात. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजावेत; दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर मोकळ्यावर थांबायचंच नाही. मोबाइल वीज ओढून घेतो हे खोटं, ट्रायपॉडचा धातूही तिला लांबून बोलावत नाही. भोवती सगळं सपाट असताना तुम्ही एकटे उंच असणं, हा खरा धोका. म्हणून किल्ल्याचा बुरूज, सडा, माळावरचं एकटं झाड, या जागा सोडाव्यात. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये असू द्यावं. आसपास विजा पडू लागल्या की ते इशारा देतं.

गाडी सुरक्षित असते, पण रबरी टायरमुळे नव्हे. किलोमीटर-किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला चार बोटं रबर काय अडवणार? पत्र्याचं छत आणि बाजू तिला बाहेरूनच जमिनीकडे नेतात. काचा बंद ठेवाव्यात, धातूला हात लावू नये. दुचाकीला किंवा कापडी टपाच्या गाडीला हा आधार नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी आतच बसावं. वादळ पुढे सरकलं की घरी निघायचं, ही घाई इथे नडते. मागे उरलेल्या ऐरणीच्या खालच्या अंगाला कधीकधी गोल पिशव्या लोंबल्यासारखे मॅमॅटस ढग दिसतात, आणि मावळतीचं तिरपं ऊन खालून लागलं की त्यातली एकेक पिशवी वेगळी उठून दिसते. लेन्स काचेला टेकवून, आतला दिवा बंद ठेवून हे फोटो गाडीतूनही उत्तम येतात.