एका धातूची दोन अपत्ये

इंग्रजीतील सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा घोटाळा होऊ लागला की 'लॅटिन मूळ पाहावे' असा उपदेश विद्यार्थ्यांस केला जातो. पुष्कळ ठिकाणी तो उपयोगीही पडतो. 'मिटिगेट' या शब्दाच्या मुळाशी 'मीटिस' म्हणजे मृदू हे विशेषण आहे, तर 'मिलिटेट'च्या मुळाशी 'मीलेस' म्हणजे सैनिक. पहिल्याचा अर्थ सौम्य करणे, दुसऱ्याचा विरुद्ध उभे ठाकणे. एवढे ध्यानी राहिल्यास 'मिटिगेट अगेन्स्ट' असा प्रमाद सहसा घडणार नाही. परंतु दोन्ही शब्दांचे मूळच एक असेल तर काय करावे?

'डिस्क्रीट' हे असे उदाहरण होय. नागरी लिपीत तर हे दोन शब्द आहेत हेच लपून जाते. कारण उच्चार एक, भेद केवळ वर्णलेखनाचा. एकात दोन 'ई' लगत येऊन पुढे 'टी' येतो. त्याचा अर्थ विचारी, जपून वागणारा. दुसऱ्यात 'टी' त्या दोन 'ई' अक्षरांना विलग करतो, आणि त्याचा अर्थही विलग, सुटा असाच आहे! गणितातील शब्द तो हा. दोहोंचा उगम 'डिस्केर्नेरे' या क्रियापदाच्या 'डिस्क्रेटुस' या कर्मणि भूत धातुसाधितात आहे. 'केर्नेरे' म्हणजे चाळणे. चाळणीचे लॅटिन नाव 'क्रीब्रुम' हेही त्याच कुळातले. चाळून वेगळे झालेले ते एक डिस्क्रीट. ज्याची बुद्धी असे चाळू शकते तो दुसरा. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ चौदाव्या शतकापासून आढळतात. लेखन मात्र दीर्घकाळ अनिश्चित होते. आजची विभागणी सुमारे १६०० नंतरची. म्हणजे येथे निर्णय धातू देत नाही, रूढी देते.

संस्कृतज्ञास यात नवल वाटू नये. 'वि' उपसर्गपूर्वक 'विच्' म्हणजे वेगळे करणे या धातूपासून 'विविक्त' आणि 'विवेक' हे दोन्ही शब्द सिद्ध होतात. नीरक्षीरविवेकात तो मूळ अर्थ अद्याप जागा आहे. तेव्हा या जोडीसाठी 'विविक्त' व 'विवेकी' हे पर्याय योजल्यास घोटाळा टळतो आणि नातेही टिकते. 'डिस्क्रिशन' हे नाम यांपैकी विवेकी शाखेचे. त्याचा 'स्वेच्छाधिकार' हा अनुवाद आम्हांस म्हणूनच खटकतो. न्यायाधीशाने कमीअधिक शिक्षेतून निवड करावयाची ती इच्छेने नव्हे, तारतम्याने. 'विवेकाधिकार' म्हटल्यास ते बंधन शब्दातच राहते.

सर्वच जोड्यांना असा संस्कृत आधार मिळत नाही. 'कॉम्प्लिमेंट' या उच्चाराचे पूरक आणि प्रशंसा हे दोन्ही शब्द भरणे, पुरे करणे या अर्थाच्या 'कॉम्प्लेरे'पासूनच आले. पहिला लॅटिनच्या जवळ राहिला. दुसरा स्पॅनिश, इटालियन व फ्रेंच असा प्रवास करीत, शिष्टाचाराची पूर्तता या अर्थाने, इंग्रजीत उतरला.