संगणकभाषांतील अक्षरमालिकांची देवाणघेवाण
एका संगणकभाषेतील आज्ञावलीने दुसऱ्या भाषेतील आज्ञावलीस मजकूर सोपविण्याची प्रक्रिया. मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात (१९८५–२००३, नंतर सी-डॅकमध्ये विलीन) भारतीय लिप्यांच्या संगणकीय वापरावर काम झाले, त्या स्थळाचेच नाव उदाहरणादाखल घेता येईल. ‘जुहू’मध्ये ज, उकार, ह, ऊकार अशी युनिकोडची चार चिन्हे आहेत. जावा भाषा त्याची लांबी ४ सांगते. सी भाषेत यूटीएफ-८ संकेतनाने तोच शब्द १२ बाइटांचा होतो, शिवाय अखेरीस शून्य बाइट लागतो. सीने चारच बाइट उचलले, तर ‘ज’ आणि उकाराचा निरर्थक तुकडा हाती येतो. रोमन अक्षरास एकच बाइट पुरत असल्याने तेथे ही चूक दडून राहते. जावाकडून घेतलेली प्रत सीने वापरानंतर परत केली नाही, तर स्मृतीतील जागाही अडून राहते.