ठिबकच्या टाकीत काय घडतं

आमच्या निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. नेमक्या त्याच दिवसांत द्राक्षबागेला पोटॅश सोडायचं असतं आणि नेमकं तेव्हाच झिरो-झिरो-पन्नास विरघळता विरघळत नाही. टाकीच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि दुकानदाराच्या नावानं ओरड सुरू होते. खत भेसळीचं असू शकतं, नाही असं नाही. पण फोन लावण्याआधी पाण्यात हात घालून पाहावा. झिरो-झिरो-पन्नास म्हणजे पोटॅशियम सल्फेट. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात ते साधारण ११० ग्रॅम विरघळतं, १० अंशांना ९० च्या आसपास. त्यापुढे काठीनं कितीही ढवळलं तरी उपयोग नाही. ढवळल्यानं विरघळण्याचा वेग वाढतो, मर्यादा वाढत नाही.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून बागेत उतरलो. त्या शिक्षणातलं रोज कामाला येतं ते हेच, विरघळण्याचं शास्त्र.

खताचा बारीक दाणा म्हणजे धन आणि ऋण भाराच्या कणांची, म्हणजे आयनांची, घट्ट रचना. पाण्याच्या रेणूलाही दोन बाजू असतात: ऑक्सिजनच्या अंगाला किंचित ऋण भार, हायड्रोजनच्या अंगाला किंचित धन. दाणा पाण्यात पडला की हे रेणू त्याच्या कडा-कोपऱ्यांना भिडतात. पोटॅशियमच्या आयनाकडे ऑक्सिजनची बाजू करतात, सल्फेटकडे हायड्रोजनची. एकेक आयन ओढून काढतात आणि चहूबाजूंनी घेरून घेऊन जातात. काही आयन फिरून दाण्याला येऊन चिकटतातही. जेवढे सुटतात तेवढेच परत चिकटू लागले की द्रावण संपृक्त झालं. वरून सगळं थांबल्यासारखं दिसतं, पण तळाच्या थरात ही ये-जा चालूच असते.

युरियाचं वेगळं. त्याचे आयन होत नाहीत, रेणू अख्खाच्या अख्खा पाण्यात शिरतो; साखरेचंही असंच. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याचा ईसी, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, मोजायचं छोटं मीटर हल्ली बऱ्याच बागायतदारांकडे असतं. बादलीत युरिया घाला, आकडा जवळपास जागचा हलत नाही. त्याच बादलीत चिमूटभर पोटॅश टाका, आकडा झरझर वर चढतो. वीज वाहून नेतात ते सुटे आयन, आणि युरियात ते नाहीतच.

युरियाची बादली हाताला गारही लागते. दहा लिटर पाण्यात किलोभर युरिया विरघळला की तापमान पाच-सहा अंशांनी उतरतं. दाण्यातली पकड सोडवायला लागणारी ऊर्जा, रेणूंना पाण्यानं धरल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असते. उरलेली गरज पाण्याच्या उष्णतेतून भागते. मग असा तोट्याचा व्यवहार होतोच कशाला? कारण मोकळ्या कणांना पसरायला अगणित वाटा असतात आणि दाण्यात रचून राहायला एकच. आठवडे बाजार उठल्यावर माणसं पांगतात, आपसूक रांगेत उभी राहत नाहीत, तसंच हे.

उष्णता खाऊन विरघळणाऱ्या पदार्थाला गरम पाणी मानवतं. तेरा-झिरो-पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, १० अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण २१० ग्रॅम विरघळतं, ३० अंशांना ४५० च्या पुढे. खायच्या मिठाला मात्र थंडी-ऊन सारखंच. लिटरमागे ३६० ग्रॅमच्या आसपासच. म्हणून माझा आग्रह असतो की पोटॅश आधी विरघळवावं आणि युरिया मागून घालावा. उलट केलं तर युरियानं गार केलेल्या पाण्यात पोटॅश रुसून बसतो.

आता खरी गोम. स्वीडनच्या स्वान्ते अर्‍हेनियसनं १८८४ साली उप्साला विद्यापीठात क्षारांच्या द्रावणांवर प्रबंध दिला. त्यातूनच पुढे सिद्धांत उभा राहिला की क्षार पाण्यात पडताच, वीज न सोडताही, त्याचे आयन सुटे होतात. परीक्षकांनी प्रबंधाला खालची श्रेणी दिली. १९०३ साली याच सिद्धांतासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या सिद्धांताचा अर्थ बागायतदारानं नीट समजून घ्यायला हवा: खत एकदा विरघळलं की कोणता आयन कोणत्या बॅगेतून आला, याला काही अर्थ उरत नाही. टाकीत असतात ते फक्त आयन, आणि ज्याची ज्याच्याशी पकड बसेल त्याची जोडी जमते.

कॅल्शियम नायट्रेट पाण्यात उत्तम विरघळतं. मॅग्नेशियम सल्फेटही. दोन्ही एकाच टाकीत घातली की कॅल्शियमला सल्फेट भेटतं आणि जिप्सम तयार होतं. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. कॅल्शियम आणि सल्फेट, दोघांवरही दुहेरी भार. त्यांच्या पकडीपुढे पाण्याची ओढ कमी पडते. (दुहेरी भार मॅग्नेशियमवरही असतो, पण तो आयन लहान असल्यानं पाणी त्याला फार घट्ट धरतं. नुसता भार पाहून अंदाज बांधता येत नाही.) दोनशे लिटरच्या ड्रममध्ये दोन्ही खतं पाच-पाच किलो घातली, तर माझ्या हिशेबानं अडीच-तीन किलो जिप्सम वेगळं पडतं. पाणी आधी दुधाळ होतं, मग तळाशी गाळ. तोच बारीक गाळ व्हेंच्युरीतून लॅटरलमध्ये जातो आणि ड्रिपरच्या वाटा बुजवतो. बारा-एकसष्ट, म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, आणि कॅल्शियम नायट्रेट एकत्र केलं तर जिप्समऐवजी कॅल्शियम फॉस्फेट बसतं, त्रास तोच.

खात्री करायची तर पारदर्शक बाटलीत आपल्याच विहिरीचं लिटरभर पाणी घ्यावं, दोन्ही खतं ड्रमच्याच प्रमाणात टाकावीत आणि तासभर ठेवून उजेडात पाहावं. थोडीही धूसर झाली तर कॅल्शियम दुसऱ्या दिवशी, स्वच्छ धुतलेल्या टाकीतून सोडावं. नंतर ॲसिड मारून लाइन साफ करू, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. विहिरीच्या जड पाण्यामुळे ड्रिपरवर साचलेला चुन्याचा थर ॲसिडनं फसफसून निघतो. जिप्सम त्या ॲसिडलाही सहसा दाद देत नाही.