पांदण आणि डोंगरवाट: लोकांनी राखलेल्या वाटांचा मागोवा

वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यात गावातून शेताकडे जाणारी वाट पांदण म्हणूनच ओळखली जाते. दोन्ही बाजूंना धुरे, धुऱ्यांवर बाभळी-बोरी, मधे बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि पावसाळ्यात घोट्याच्या वर चिखल, असे तिचे रूप असते. ती कुणा एकाच्या मालकीची नसते. जाणारे-येणारे सगळेच तिचे. तिची निगा कुणी राखायची, हा प्रश्न गेली दीडशे वर्षे वेगवेगळ्या रीतीने सुटत आणि पुन्हा अडत आला आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला माउंटन बाइकवाल्यांच्या स्वयंसेवी क्लबांपुढेही गेल्या चार-पाच दशकांत हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी काढलेली वाट मंगरूळपीरच्या पांदणीशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे.

१८५३च्या तहानंतर वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि १८६०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली. मंगरूळ, म्हणजे आजचे मंगरूळपीर, तेव्हा बाशीम (वाशिम) जिल्ह्यात होते. १९०५मध्ये तो जिल्हा मोडून हा भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. जिल्ह्याच्या हद्दी अशा हलत राहिल्या तरी वाटांचा आधार गावनकाशाच राहिला. महसुली रिवाजात नकाशावरची एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग आणि दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. हे अपूर्णांक विचित्र वाटतात, पण ते मोजणीच्या ३३ फुटी साखळीतून आलेले आहेत: तिचा चौथा भाग सव्वाआठ, निम्मा साडेसोळा.

नकाशावर वाट आली म्हणजे शेतात ती शाबूत राहिली असे होत नाही. दरवर्षी नांगरताना एखादे तास पांदणीत सरकते, धुरा कोरला जातो, आणि वीस वर्षांत बंडी जाईल एवढी वाट सायकल जाईल एवढी उरते. म्हणून कायद्याने तक्रारीला जागा ठेवली. १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली, पूर्वापार वाट अडवली तर अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे, शेताला रस्ताच नसेल तर शेजारच्या धुऱ्यावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे, आणि त्या निर्णयाविरुद्ध एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. विदर्भापुरती आणखी एक तरतूद या संहितेत जुन्या मध्य प्रांताच्या कायद्यातून उतरली आहे. ती म्हणजे वाजिब-उल-अर्ज: गावातल्या पाण्याच्या, मासेमारीच्या आणि वहिवाटीच्या वाटेच्या रिवाजांची नोंद. गावाची सवय सरकारी कागदावर लिहून ठेवणारी ही नोंद फार मोलाची आहे आणि तिच्याकडे व्हायला हवे तेवढे लक्ष गेलेले नाही.

कायदा वाट मोकळी करतो, पण तिच्यावर मुरूम टाकत नाही. ते काम वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या गावाने केले, आणि विसाव्या शतकात त्याला दोन संतांनी आकार दिला. शेंडगावात जन्मलेले गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावात शिरत आणि कीर्तनाआधी गावचे रस्ते झाडत. तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून सामुदायिक प्रार्थनेला सामुदायिक श्रमाची जोड दिली. १९५५ची त्यांची ‘ग्रामगीता’ वऱ्हाडातल्या घराघरांत पोहोचली ती याच कामाच्या बळावर. श्रमदान हा शब्द या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या दोघांकडे जाते.

१९७२च्या दुष्काळाने चित्र बदलले. दुष्काळी कामांतून रोजगार हमीची कल्पना पक्की झाली, १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. खडी फोडणे, मातीकाम आणि रस्ते ही हमीची मुख्य कामे होती. हजारो कुटुंबांना त्यांनी जगवले. पण रस्ता सरकारचा आणि मजुरी सरकारची झाल्यावर त्याची पुढची देखभालही सरकारचीच, असे गाव मानू लागले. त्याच काळात शेतीही बदलत होती. सोयाबीन आले, बैलजोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर-ट्रॉली आली. पावसाळ्यात किंवा ओल असताना भरलेली ट्रॉली काळ्या रानातून गेली की बंडीच्या चाकोरीपेक्षा कितीतरी खोल घळ पडते. पांदणीचा वापर वाढला, निगा घटली.

राज्याच्या योजनांत हा प्रश्न उशिरा आला. २०१८मध्ये पालकमंत्री शेत-पाणंद रस्ते योजना निघाली. ११ नोव्हेंबर २०२१च्या निर्णयाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, आणि तिने केंद्राच्या रोजगार हमीचा पैसा राज्याच्या निधीशी जोडला. या जोडणीची गरज होती, कारण रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण ६०:४० ठेवावे लागते आणि मुरूम-खडीचा रस्ता साहित्यावरच जास्त खर्च मागतो.

मधल्या वर्षांत श्रमदानालाही नवी उभारी मिळाली. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली, २०१७मध्ये ती ३० आणि २०१८मध्ये ७५ तालुक्यांत पोहोचली. वाशिम जिल्ह्यातले कारंजा आणि मंगरूळपीर तालुकेही तिच्यात आले. एप्रिल-मेच्या उन्हात ४५ दिवस लोक टिकास, फावडे आणि घमेले घेऊन शिवारात उतरले. ते काम पाण्याचे होते, वाटांचे नव्हते. तरीही उतारावर पाणी कसे धावते, कुठे अडवायचे आणि कुठे सोडायचे, हे ज्ञान त्यातून गावोगाव पसरले, आणि वाट राखण्याचे शास्त्र मुळात हेच आहे.

हे शास्त्र माउंटन बाइकच्या क्लबांनी जितके नेटकेपणाने मांडले तितके क्वचितच कुणी मांडले असेल. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची ‘रिपॅक’ शर्यत झाली. उतारावर मागचा ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. पुढच्या वर्षी जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बनवली, १९७९मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी दुकान थाटले, १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर बाजारात आली. १९९०मध्ये ड्युरँगो येथे जागतिक अजिंक्यपद आणि १९९६मध्ये अटलांटात ऑलिंपिक, इतक्या वेगाने हा खेळ वाढला.

वाटांवरची भांडणेही त्याच वेगाने वाढली. पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांनी सायकलींना विरोध केला. १९८४मध्ये अमेरिकी वनसेवेने संरक्षित रानप्रदेशात सायकलींना बंदी केली आणि मरीनमधल्या अनेक अरुंद पायवाटाही बंद झाल्या. सायकलस्वारांपुढे दोन रस्ते होते: नुसता हक्क मागत राहायचे, किंवा वाटेसाठी राबून तो कमवायचा. १९८८मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच क्लबांनी मिळून आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना, म्हणजे इम्बा, स्थापन केली आणि दुसरा रस्ता धरला. सभासदांनी ठरलेल्या दिवशी कुदळी-फावडी घेऊन जमायचे, वनखात्याच्या माणसांबरोबर वाट दुरुस्त करायची आणि तेवढ्याच हक्काने बैठकीत बसायचे, अशी ही पद्धत होती. कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळ १९९७मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशनने पुढे एकेक वाट एकेका गटाला किंवा दुकानाला दत्तक देण्याची पद्धत रूढ केली. वाट कुणाच्या भरवशावर आहे हे सगळ्यांना ठाऊक असणे, हे या पद्धतीचे खरे बळ.

२००४मध्ये इम्बाने वाटा बांधण्याचे हस्तपुस्तक काढले. त्यातले नियम साधे आहेत. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. जास्त झाला तर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच खाली धावते. सरासरी चढ शंभराला दहाच्या आत असावा. वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा शंभराला पाचच्या आसपास खाली असावी, म्हणजे पाणी पातळ पसरून उतरते. आणि ठरावीक अंतराने चढ मोडून लहानसा उतार द्यावा, म्हणजे साचू पाहणारे पाणी तिथेच बाहेर पडते. या सगळ्यांत सायकलीचा उल्लेख जवळपास नाही, आहे तो पाण्याचा. वाट मुख्यतः पाणी बिघडवते आणि चाके त्याला निमित्त देतात, हे क्लबांनी अनुभवातून ओळखले होते. म्हणूनच ओल्या वाटेवर सायकल घालू नये, हा नियम बहुतेक क्लब कसोशीने पाळतात.

भारतात हा खेळ शर्यतींच्या रूपाने आला. पुण्याच्या परिसरात २००३पासून एन्ड्युरो थ्री ही डोंगर चढणे, सायकल आणि नदी ओलांडणे यांची सांघिक स्पर्धा होऊ लागली. हिमाचलात २००५पासून डोंगरी सायकलींची बहुदिवसीय शर्यत सुरू झाली. विदर्भात नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, तेव्हा लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे वेड इकडच्या शहरांतही पसरले. पण ते डांबरी रस्त्याचे वेड आहे. वाटा राखणारे संघटित बळ महाराष्ट्रात दिसते ते दुसरीकडे: गडांवरच्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी साफ करणाऱ्या दुर्गसंवर्धकांत, आणि पुण्याच्या टेकड्यांवर. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित रस्त्याला आणि बोगद्यांना विरोध करण्यासाठी २०२३मध्ये चालणारे, धावणारे, सायकल चालवणारे, पक्षी पाहणारे असे सगळे एकत्र आले. मरीनमध्ये जे गट एकमेकांशी भांडले ते पुण्यात एका बाजूला उभे राहिले, आणि हे या चळवळीचे मोठेच यश मानावे लागेल.

मंगरूळपीरच्या भूमीत डोंगरी सायकलीला लागणारे चढउतार आहेत, पण माती वेगळी आहे. बेसॉल्टच्या पठारावर माथ्याला भरड, मुरमाड रान आणि खाली काळी कसदार जमीन. मुरमाड माथ्यावरची वाट पावसानंतर एक-दोन दिवसांत वाळते आणि तिथे इम्बाचे उताराचे नियम जसेच्या तसे लागू पडतात. काळ्या मातीत ते पुरत नाहीत. ही माती ओल्यावर फुगते, वाळल्यावर भेगाळते, आणि सपाट असल्याने पाण्याला जायला जागाच नसते. तिथे वाटेचा मधला भाग उंच उचलून मुरूम दाबावा लागतो, दोन्ही बाजूंना नाल्या काढून त्या जवळच्या ओढ्याला जोडाव्या लागतात आणि ओढ्यावर रपटा बांधावा लागतो. नाली बुजली की पुढच्या पावसात मुरूम मातीत बसतो आणि सगळा खर्च वाया जातो. जून उजाडण्याआधी नाल्या उपसणे हे पांदणीच्या निगेतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकवले जाणारे काम आहे.

जंगलातल्या वाटांचा हिशेब वेगळा. २००० साली जाहीर झालेले कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य १८.३२ चौरस किलोमीटरचे आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. काळविटांसारख्या बुजऱ्या प्राण्यांच्या माळावर सायकलींच्या वाटा पाडणे योग्यही नाही. समृद्धी महामार्ग तालुक्यात शेलूबाजारजवळून जातो, पण त्यावर दुचाकी आणि सायकली चालत नाहीत. म्हणजे सायकलीसाठी उरतात त्या पांदणी, शिवरस्ते आणि गावांना जोडणारे कच्चे रस्ते.

या वाटांवर सायकल चालवणारे खेळाडू फारसे नसतात. असतात ती शाळकरी मुले-मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीतल्या ग्रामीण मुलींना सायकली देण्याची योजना राज्याने राबवली, आणि शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना तिचा आधार झाला. शेतात वस्ती असलेल्या कुटुंबातल्या मुलीला डांबरी रस्त्यावर येण्याआधी पांदण ओलांडावीच लागते, आणि पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवण्याची पाळी तिच्यावरच येते. पांदणीसाठी श्रमदान करणाऱ्या गटांनी शेतमालाच्या ट्रॉलीइतकाच या सायकलींचा विचार करायला हवा.

२२ मे २०२५च्या निर्णयाने शेतरस्त्यांची रुंदी किमान तीन ते चार मीटर ठेवावी आणि त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, असे राज्याने ठरवले. वाट सातबाऱ्यावर आली की जमीन विकली गेली तरी ती नव्या मालकाच्या कागदावरही दिसत राहते, आणि वहिवाटीची साक्ष देणारी म्हातारी माणसे शोधत फिरावे लागत नाही. मोजणी, खुणेचे दगड आणि अतिक्रमण काढणे ही कामे भूमी अभिलेख आणि तहसील यांची आहेत. मुरूम, नाल्या आणि रपटे योजनांच्या पैशातून होऊ शकतात. दर उन्हाळ्यात नाल्या उपसण्याचे, बाभळीच्या फांद्या छाटण्याचे आणि पहिल्या पावसानंतर खचलेली जागा भरण्याचे काम मात्र कोणत्याही योजनेत बसत नाही. ते आजही पांदणीलगतच्या शेतकऱ्यांच्या लोकवर्गणीवर आणि श्रमदानावर चालते.