जामीन, जमीन आणि समान न्याय

मागच्या व्याख्यानात आपण 'समानता' या शब्दाचे निरनिराळे अर्थ पाहिले आणि शेवटी एका प्रश्नावर थांबलो: कायद्यापुढे सगळे समान, असं आपली राज्यघटना कलम १४ मध्ये म्हणते, पण खिशात पैसे असलेला आणि नसलेला माणूस कोर्टात खरोखर समान असतो का? हा प्रश्न नुसता हवेत ठेवला तर आपण सगळेच माना डोलावू आणि घरी जाऊ. म्हणून आज तो एका खुंटीला बांधू या. ती खुंटी म्हणजे जामीन.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आता ही म्हण कोणासाठी आहे बघा. पायरी चढायची की नाही, हे ज्याच्या हातात आहे, त्याच्यासाठी. आरोपीला कुठली निवड? त्याला पोलीस घेऊन जातात. तिथून पुढे त्याच्याकडे शहाणपण किती आहे यापेक्षा ऐपत किती आहे, याला जास्त महत्त्व येतं.

प्रक्रिया समजून घेऊ. न्यायाधीशांनी जामीन मंजूर केला म्हणजे आरोपी सुटला, असं पेपरमधली बातमी वाचून आपल्याला वाटतं. तसं नसतं. आदेशात लिहिलेलं असतं की अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार द्यावा. मग जामीनदाराची कागदपत्रं येतात: सात-बारा, घराचे कागद, पगाराची स्लिप, कधी तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला. म्हणजे जामीन मागायला गेलेल्या माणसाला आपण विचारतो, जमीन आहे का? शब्दांचा खेळ म्हणून सोडून द्या, पण व्यवहार तोच आहे.

साधं गणित करू. समजा रक्कम आहे २५,००० रुपये. महिन्याला पाच लाख मिळवणाऱ्याची ती साधारण दीड दिवसाची कमाई. रोज ५०० रुपये मिळवणाऱ्या मजुराची ती पन्नास दिवसांची मजुरी, तीही काहीच खाल्लं-प्यायलं नाही तर. आता तुम्ही म्हणाल, ही रक्कम काही कोर्ट खाऊन टाकत नाही, हमी असते. बरोबर. पण हमी द्यायलासुद्धा तेवढी ऐपत असलेला माणूस ओळखीचा लागतो. मजुराचे ओळखीचे लोक कोण? दुसरे मजूर.

हे काल्पनिक नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हे प्रकरण आलं. मोतीराम गवंडी होता. त्याला जामीन मंजूर झाला होता, रक्कम ठरवायचं काम दंडाधिकाऱ्यांकडे होतं. त्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. १९७८ मधले दहा हजार, हे लक्षात घ्या. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, तर म्हणाले, भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे उलटवलं आणि १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांची स्थिती समोर आली. खटलाही सुरू न होता लोक वर्षानुवर्षं आत होते. काही जण तर त्यांच्यावरच्या आरोपाला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकते, त्याहून अधिक काळ. जलद खटला हा कलम २१ मधल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, हे तिथे न्यायालयाने ठामपणे सांगितलं.

आणि आज? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशात ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले जवळजवळ शहात्तर. हे सगळे गरिबीमुळेच आत आहेत असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. कित्येकांवर गंभीर आरोप असतात आणि त्यांना जामीन नाकारलेला असतो. पण जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेले लोकही त्यांत आहेत. त्यांच्याबाबतीत न्यायालयाने स्वतःच सांगितलं आहे की यांना आत ठेवायची गरज नाही. तरी ते आत आहेत.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. अ‍ॅरिस्टॉटलने न्यायाचे दोन प्रकार वेगळे केले. वाटपाचा न्याय आणि दुरुस्तीचा न्याय. दुरुस्तीच्या न्यायात न्यायाधीशाने माणूस कोण आहे ते बघायचं नाही, फक्त नुकसान काय झालं ते बघायचं. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या न्यायदेवतेची कल्पना याच्या अगदी जवळची. आपण साधारणपणे समजतो की गरिबाची अडचण ही पट्टी असल्यामुळे होते, न्यायालयाला त्याची गरिबी दिसत नाही. पण जामिनाच्या टप्प्यावर काय होतं? न्यायालय ऐपत पाहतंच! सात-बारा मागतं म्हणजे दुसरं काय करतं? फक्त ते उलट्या दिशेने पाहतं. ज्याच्याकडे आहे त्याला दार उघडतं, ज्याच्याकडे नाही त्याला थांबवतं. म्हणजे तटस्थपणाचा बचाव इथे टिकत नाही.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ च्या आपल्या ग्रंथात एक उपयोगी भेद केला आहे: स्वातंत्र्य आणि स्वातंत्र्याचं मोल. स्वातंत्र्य सगळ्यांना सारखं असू शकतं, पण ते वापरण्याची साधनं कमी-जास्त असल्यामुळे त्याचं मोल प्रत्येकासाठी वेगळं होतं. कोणी म्हणेल, मग काय झालं? प्रवासाचा हक्क सगळ्यांना आहे, पण कोणी विमानाने जातो, कोणी एसटीने. चालतं की! माझं म्हणणं असं की खटल्याच्या बाबतीत हे चालत नाही. एसटीने गेलेला माणूससुद्धा शेवटी त्याच गावाला पोचतो. खटल्यात मात्र साधनं कमी पडली तर मुक्कामाचं गावच बदलतं. आत असलेल्या माणसाची मजुरी बुडते, वकिलाशी नीट भेट होत नाही, साक्षीदार शोधता येत नाहीत. किरकोळ गुन्ह्यात तर त्याला वाटू लागतं, कबूल करून टाकावं, जेवढे दिवस काढले तेवढ्यावर भागेल. न केलेला गुन्हाही मग त्याच्या नावावर लागतो. म्हणजे पैशाने इथे नुसती सोय विकत मिळत नाही, सत्य ठरवण्याच्या कामातच पैसा हात घालतो.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हमी घेतली नाही तर आरोपी पळून जाईल, मग फिर्यादीने काय करायचं? फिर्यादीही पुष्कळदा गरीबच असतो. खरं आहे. पण माणसाला गावात धरून काय ठेवतं? घर, मुलंबाळं, कामधंदा, नातीगोती. हुसैनारा प्रकरणात न्यायालयाने हीच मुळं पाहायला सांगितली. उलट ज्याच्याकडे भरपूर पैसा आहे, त्याला हमीची रक्कम सोडून देऊन देशाबाहेर जाणंही परवडतं.

कायद्याने काहीच केलं नाही, असं नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९अ आलं, मोफत विधी साहाय्याचं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे आणि त्यानुसार कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असं मानून त्याला जातमुचलक्यावर सोडावं, अशी तरतूद आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन मंजूर होऊन महिनाभरात हमी दिली गेली नाही, तर अट सैल करता येईल का याचा न्यायालयाने आपणहून विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली.

यातली शेवटची गोष्ट जरा तपासून बघा. मदत चांगलीच, ज्याला मिळेल तो घरी जाईल. पण न्यायालयाने ठरवलेली रक्कम सरकारने भरायची, तर मुळात ती रक्कम लावली कशासाठी? फिनलंडने १९२१ पासून दंडाच्या बाबतीत वेगळा मार्ग धरला आहे. गुन्हा किती गंभीर, त्यावर दिवस मोजायचे आणि एका दिवसाची रक्कम माणसाच्या उत्पन्नावरून ठरवायची. आकडा वेगळा, झळ सारखी. तिथे समानता आकड्याची मानलेली नाही, झळ किती बसते त्याची मानलेली आहे. जामिनाच्या अटीलाही हा विचार लावता येईल.

तेव्हा आजचा मुद्दा एवढाच की कायद्यापुढची समानता तपासायची असेल तर कायद्याचं पुस्तक उघडून भागत नाही. जामिनाचा आदेश निघाल्यानंतर कोण त्याच संध्याकाळी घरी जेवायला बसतो आणि कोण महिन्याने, हे विचारावं लागतं. दोघांवर आरोप एकच असेल आणि फरक फक्त सात-बाराचा असेल, तर त्या फरकाला न्याय म्हणता येणार नाही.

पुढच्या वेळी आपण शिक्षेकडे वळू: शिक्षा कशासाठी द्यायची? आता तुमचे प्रश्न घेऊ या.