सुताराच्या झोपडीतली शांतता

औरंगपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला शांतता बहुधा चित्रातच भेटते. खिडकीतून मंडईचा कालवा आत येत असतो आणि माझ्या टेबलावर वेरूळच्या दहाव्या लेण्याचे, विश्वकर्म्याचे, अंतर्भागाचे जुने चित्र उघडे असते. जेम्स वेल्सने वेरूळची रेखाटने केली आणि १७९५ साली तो वारला. थॉमस डॅनियलने ती १८०३ मध्ये छापून काढली. (पुण्याच्या गंगाराम तांबटानेही त्याच दशकात रेसिडेंट मॅलेटसाठी वेरूळ चितारले होते. हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे?)

चित्र पाहून विद्यार्थी हटकून विचारतात, ‘सर, हे चर्च का?’ प्रश्न खुळा नाही. मध्ये लांब दालन, दोहो अंगांना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धगोल. चर्चने ही मांडणी रोमन सभागृहापासून उचलली, चैत्याने आपल्याकडच्या लाकडी मंडपापासून. छताच्या फासळ्या दगडाच्या. त्या काहीही पेलत नाहीत, केवळ लाकडाची आठवण जपतात. म्हणूनच लोक या लेण्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. अठ्ठावीस अष्टकोनी खांब सावलीत राहतात, सज्जावरच्या गवाक्षातून उजेड आत उतरतो, आणि नजर स्तूपापुढे पाय सोडून बसलेल्या बुद्धावर जाऊन थांबते. इथली शांतता अशी बांधलेली आहे. तिच्यात गूढ काही नाही. छिन्नी चालवणाऱ्याला उजेडाचा हिशेब कळत होता, एवढेच.

पण त्याच डोंगरात, थोड्याच अंतरावर, पाचवे लेणे आहे. ११७ फूट खोल, चोवीस खांबांचे. मधोमध दोन लांब, बुटके ओटे. भिक्खूंनी समोरासमोर बसावे म्हणून कोरलेले. शांतता तीच. नाव मात्र ‘महारवाडा’. पावसाळ्यात महार तिथे आसऱ्याला येत, असे सांगतात. बुद्धाचे घर कोणाच्या पावलांनी ओळखले जावे हे गावाने ठरवले आणि अभ्यासकांनी ते निमूटपणे पुस्तकात उतरवून घेतले. चर्चची उपमा दहाव्या लेण्याला मिळते; पाचव्याजवळ वाटाडे आवाज उतरवतात, नाव सांगतात आणि पुढे सरकतात.

एकदा आईला घेऊन गेलो होतो. देवळाच्या पायरीशी थांबण्याची सवय तिच्या अंगात अजून आहे. दहाव्या लेण्याच्या दारातही ती थबकली, चप्पल हातात घेऊन. पाचव्याचे नाव सांगितले तशी म्हणाली, ‘मंग हे आपलंच हाय की,’ आणि सरळ आत जाऊन ओट्यावर टेकली. बराच वेळ बसून होती. मी बाहेर उभा.